उलटी किल्ली

धुतलेल्या चादरींची चळत छातीशी धरून ताई तळघरातून वर आली, आणि काउंटरमागच्या फळीकडे नजर जाताच तिच्या काळजात धस्स झालं! फळीवरच्या चोवीस किल्ल्या झळझळत होत्या… चोवीसच्या चोवीस सरळ! चादरी तशाच बाकावर टाकून ती काउंटरच्या आत शिरली. बत्तीस वर्षांत तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. तिने खालच्या रांगेतली शेवटची किल्ली, तिच्या स्वतःच्या खोलीची, आकडा भिंतीकडे करून उलटी टांगली.

“अगं ताई, काय करतेस?” धाकटी बहीण पितळ घासायची चिंधी हातात घेऊन उभी होती. “सकाळपासून घासतेय मी. तासाभरात पाहुणे येतील, फोटो काढतील. एकटी तुझीच किल्ली रुसल्यासारखी दिसणार!”

“दिसू दे. माझी उलटीच राहू दे, चिमणे.”

चिमणीने चाळिशी गाठली होती, अख्खं हॉटेल आता तीच चालवत होती, पण ताईच्या लेखी ती चिमणीच.

आज हॉटेलला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि ते उभं करणाऱ्या बायकांचे फोटो दिवाणखान्यात लागायचे होते. आपल्या अंगावरचं सोनं मोडून पहिल्या चार खोल्या बांधणारी पणजी. बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हा अडकलेल्या साठ माणसांना अकरा दिवस जेवू घालणारी आणि प्रत्येकाला शिव्याही घालणारी स्वयंपाकीणबाई. खोऱ्यातल्या मुलींना शिवण शिकवून त्यांच्या पायांवर उभं करणाऱ्या इस्त्रीवाल्या काकू. आणि चौथी आई, जिने किल्ल्यांचा नियम घातला.

डोंगरावर जाणाऱ्याने आपली किल्ली उलटी टांगायची. परतलेल्याला ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानेच ती सरळ करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, ‘आला!’ किंवा ‘आली!’ दिवेलागणीला एक जरी किल्ली उलटी दिसली तरी घंटा वाजायची आणि हॉटेलातल्या बायका कंदील घेऊन निघायच्या. पुढे खोऱ्यातल्या प्रत्येक हॉटेलने हा नियम उचलला. किती घरांचे दिवे त्याने विझता विझता राखले, याची मोजदाद नव्हती… फक्त आईच्या स्वतःच्या घरात तो फसला.

भिंतीवर पाचवा खिळा धाकटीने ठोकला होता, तो ताईसाठी. काल आईने त्याच्याकडे काठी रोखून धाकटीला सांगितलं होतं, “तो काढ.” ताईशी ती बोलतच नव्हती. काही सांगायचं झालं तर ‘तिला सांग’. बत्तीस वर्षं ‘तिला सांग’! ताईने त्याबद्दल कधी तोंडातून ब्र काढला नाही. फोटोची तर तिला कणभरही हाव नव्हती. तिची आस एकच होती… आईने एकदा ती किल्ली आपल्या हाताने सरळ करावी.

“मी आठ वर्षांची असताना पण अशाच घासल्या होत्या,” धाकटी हसत म्हणाली. “दुसऱ्या दिवशी बाबांचा वाढदिवस होता ना! भरदुपारी काउंटरवर कोणी नव्हतं, स्टुलावर चढले, सगळ्या काढल्या, चकाचक केल्या, आणि सगळ्या सरळ…”

ती थांबली. तिच्या हातातली चिंधी गळून पडली.

“चिमणे, पाहुणे येतील, चल, चादरी…”

“ताई, बाबा त्याच दुपारी डोंगरावर गेले होते.”

“तू लहान होतीस, तुला नीट आठवत नाही…”

“खोटं बोलू नकोस! संध्याकाळी तू काउंटरवर आलीस तेव्हा त्यांची किल्ली सरळच होती ना? म्हणून घंटा वाजली नाही… ताई, बोल ना गं!”

ताईने वाकून चिंधी उचलली. त्या रात्री उशिरा बाबा खोलीत नाहीत हे कळलं, तेव्हा तीही आपली किल्ली उलटी टांगून कंदील घेऊन धावली होती. पहाटे कड्याखाली बाबा सापडले… पाय मोडलेला, अंग थंडगार. घंटा वेळेवर वाजली असती तर ते वाचले असते! परतल्यावर आईने याच काउंटरपाशी विचारलं होतं, “किल्ली कोणी सरळ केली?” आईच्या पदराआडून डोकावणाऱ्या चिमणीची बोटं पितळेच्या मळाने काळी झाली होती. तेवीस वर्षांच्या ताईने ती पाहिली आणि म्हणाली, “मी.” मग तिने चिमणीला न्हाणीघरात नेऊन साबणाने तिची बोटं स्वच्छ धुतली. आईने ताईला काउंटर बंद केलं आणि तिची किल्ली कधी सरळ केली नाही. ठरत आलेलं लग्न बारगळलं, आणि ताई तळघरातल्या चादरींमध्ये राहायला गेली.

“हेच तुझ्या कानावर येऊ नये म्हणून गं…” ताई कळवळून म्हणाली. “बत्तीस वर्षं जपलं मी तुला! आणि आज तूच उकरून काढलंस!”

“कोणी काय उकरलं?”

दाराशी आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. धाकटी धावत जाऊन तिच्या पायांशी कोसळली.

“आई, मी केल्या गं सरळ! बाबांना मी…”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वाकून धाकटीचे हात हातात घेतले, त्यांवरचा काळा मळ कितीतरी वेळ पाहिला, मग तिचं डोकं पोटाशी धरलं.

“तू आठ वर्षांची होतीस, बाळा,” ती म्हणाली. “मी तर मोठी होते ना! नियम मी घातला आणि मोडलाही मीच. ही पहाटे त्या दारातून आली… चिखलाने भरलेली, बापाची टोपी हातात. मी या डोळ्यांनी पाहिलं हिला आणि किल्ली तशीच ठेवली.”

काठी टेकत ती काउंटरच्या आत गेली. खाली वाकायला तिला फार वेळ लागला. ताई पुढे झाली, पण आईने हातानेच तिला थांबवलं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या, कोणीतरी दार ढकलून आत येत होतं.

आईने किल्ली सरळ केली. मग ताईकडे पाहत, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, तिने विचारलं, “फार थंडी होती का गं?”

“हो, आई…” ताईच्या डोळ्यांना धार लागली.

आईने काठीवर भार देऊन मान वर केली आणि अख्ख्या दिवाणखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “आली!”

पाहुणे दारातच थबकले. ताईने धाकटीला हाताला धरून उठवलं आणि तिची काळी बोटं धुवायला तिला न्हाणीघराकडे घेऊन गेली.