श्टेटेनच्या खंजिराचे पाते

ज्या वर्षी शिकलगार लिओनहार्ड झाइट्सच्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या १९३४ सालच्या जुलैची पहिली पहाट. बव्हेरियातला लिंडाखचा किल्ला धुक्यातून नुकता डोके वर काढत होता, तोच आतल्या चौकात बंदुकांचा बार झाला आणि सहा माणसे पडली. त्यांत नाझी पक्षाच्या वादळी दलातला एक नायक, युस्टस होता. चार वर्षे तो लिओनहार्डच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता. तो नुसता भाडेकरू नव्हता, हे बहिणीने ओळखले होते. बोलली कधीच नव्हती.

वेशीवर जाहीरनामा लागला: पुरुषा-पुरुषांतल्या अनाचाराची घाण पक्षाने धुऊन काढली. खाली सही जिल्हाप्रमुख डिट्मार फॉन श्टेटेनची. ती वाचताना लिओनहार्डच्या अंगाचा तिळपापड झाला. दलाच्या सेनापतीचे मन कुठे रमते, हे पक्षात वरपासून खालपर्यंत सर्वांना माहीत होते. रस्त्यावर डोकी फोडायला त्याची माणसे हवी होती, तोवर कोणाला विटाळ झाला नव्हता. सेनापती डोईजड झाला, मारला गेला, आणि सगळे सोवळे नेसून उभे राहिले.

सेनापतीने मानाचे खंजीर वाटले होते. त्यांच्या पात्यांवरचे त्याचे नाव घासून टाकण्याचा हुकूम सुटला. चौथ्या दिवशी श्टेटेन स्वतः आपला खंजीर घेऊन दुकानात आला.

"शनिवारी संचलन आहे. प्रांतप्रमुख पाती पाहणार. माझे काम तुम्ही स्वतः करायचे, झाइट्स. आणि वाचायचे नाही."

"शिकलगार लोखंड पाहतो, साहेब, मजकूर नाही."

"जीभ फार धारदार आहे तुमची."

"धंदाच तो, साहेब."

तो गेल्यावर लिओनहार्डने पाते उपसले. 'माझ्या डिट्मारला, त्या हिवाळ्याची आठवण.' खाली सेनापतीची सही.

"खोडून टाक, दादा," बहीण वल्बुर्गा म्हणाली. "मारतील तुला."

"तू पोरींना घेऊन आजच नवऱ्याकडे जा."

ज्या आरोपाने युस्टसचा जीव घेतला, त्याच आरोपाखाली आपण दुसऱ्या माणसाला मृत्यूच्या तोंडी देत आहोत, हे त्याला कळत होते. त्याने पाते खाली ठेवले. मग चौकातला तो बार कानात घुमला, आणि अक्षरे लखलखेपर्यंत त्याने पाते उजळले.

"झाले?" श्टेटेनने म्यानबंद खंजीर हाती घेत विचारले.

"आरशासारखे. काढून पाहावे, साहेब."

मानाचा खंजीर वरिष्ठासमोरच उपसायचा, अशी दलाची रीत. श्टेटेन हसला. "एका शिकलगारापुढे?" आणि त्याने तो तसाच कमरेला लावला.

शनिवारी, पाचशे माणसांसमोर, त्याने पाते उपसून प्रांतप्रमुखापुढे धरले. प्रांतप्रमुखाने दोन शब्द मोठ्याने वाचले आणि तो थांबला.

"कारस्थान आहे हे!" श्टेटेन ओरडला.

"सही खोटी आहे?"

श्टेटेनने पाते घाईने मागे घेतले.

गारद दुकानावर आली, तेव्हा लिओनहार्ड धुतलेला सदरा घालून दारातच बसला होता.

"त्या पात्यावरचं वाचलं होतंस?" गारदेच्या नाईकाने दरडावले.

"वाचलं. आता तुम्हीही वाचलंत. तेवढंच हवं होतं."

डिट्मार फॉन श्टेटेनला ७ जुलै १९३४ रोजी संध्याकाळी किल्ल्याच्या चौकात गोळी घालण्यात आली. लिओनहार्ड झाइट्स ११ फेब्रुवारी १९३६ रोजी छळछावणीत मरण पावला.