मधल्या खांबाखालची वाळू

भडगावजवळ गिरणेच्या पात्रात माझा बूट रुतला... आणि मला ओढायला हात पुढे केला तो नेमका त्यानेच, ज्याचं डिझाइन मी तपासायला आले होते!

"मातीवाल्या मॅडम तुम्हीच?"

"रूही. जळगावच्या लॅबमधून."

"मी तौफिक. धुळ्याचा. हा पूल माझा." तो हसला. मी मुद्दाम ड्रिलिंग मशीनकडे पाहिलं.

धरणाचं पाणी सुटलेलं, म्हणून आधी पात्राच्या मध्ये बोअर मारून जमीन तपासलीच नव्हती. दोन्ही काठांना खडक लागला, म्हणजे मध्येही असणार — असं धरून त्याने कागदावर उथळ पाया आखला होता. आता पात्र उघडं पडलं होतं.

मशीनवरचे उखर्डूभाऊ ओरडले, "ताई, आठे खडक नही शे! बठ्ठी वाळूच शे!"

तौफिकचा चेहरा उतरला. "पहिलाच पूल आहे हो माझा. आता चूक सांगितली तर साहेब काढूनच घेतील. काठांच्या रिपोर्टवर भागवा ना... वाळू दगा देते ती भूकंपात, आणि इथे कुठे येतो मोठा भूकंप?"

"तुमचा डबा द्या."

रिकाम्या डब्यात मी ओली वाळू भरली, वर एक दगड ठेवला. चांगला ऐटीत बसला. मग बोटांनी डबा ठोकत राहिले — टक, टक, टक... पाणी वर आलं, दगड मुकाट आत गेला.

तो डब्याकडे बघत राहिला... मग माझ्याकडे.

"हादऱ्याने ओली वाळू अशी पातळ होते. पाइल, म्हणजे खोल खांब टाकून खालच्या खडकापर्यंत जावं लागेल." हा माणूस आवडू लागला होता, आणि मीच त्याचा पूल मोडत होते.

त्याने फोन लावला. "सर, चूक माझी आहे. पूल काढून घ्या, पण असा बांधू नका."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. त्याचे कान लाल झाले.

"गेला?" मी हळूच विचारलं.

"राहिला. पण ड्रॉइंगवर रेघ ओढायची ती तुम्हाला विचारून!"

मग तो विचारायला येऊ लागला. धुळ्याहून जळगावला... फोनवर सुटतील असे प्रश्न घेऊन. लॅबमधल्या मुली त्याला बघून खोकायच्या.

डिझाइन मंजूर झालं, तरी एका दुपारी दारात हजर.

"आता काय राहिलं?"

"काही नाही. प्रश्न संपले. येणं मात्र..." तो अडखळला. "अम्मीला घेऊन येऊ? लॅबमध्ये नाही. घरी."

मातीचे हात मी ओढणीलाच पुसले.

"शुक्रवारी या. अब्बांचं दुकान बंद असतं."