मीठ खाणारी रेती

"पुन्हा बरणी रिकामी! कोण खाऊन राहिलं वं एवढं मीठ?"

रुखमाआजी स्वयंपाकघरात पुटपुटत होती. पण तिचं पुटपुटणं असं, की ओसरीवर पत्ते कुटणाऱ्या तिघांनाही ते स्वच्छ ऐकू आलं. गोपिकानं पत्ते टाकले.

"मिठाचा चोर! अनंता, ताराचंद, उठा!"

"साखर सोडून मीठ नेतो?" शेजारचा ताराचंद म्हणाला. "येडाच दिसतो चोर!"

मागच्या दारापासून मिठाचे खडे सांडत गेले होते, थेट निंबाखालच्या जुन्या टबापर्यंत. टबावर ओलं पोतं. अनंतानं ते उचललं.

"हात्तिच्या! नुसती रेती आणि पाणी!" त्यानं नाक खाली नेलं, रेतीत बोट खुपसलं आणि पिच्‌! पाण्याची चिळकांडी थेट नाकावर!

"ताई गं! रेती थुंकली!"

ताराचंद पोट धरून हसला. गोपिका मात्र हसली नाही. रेतीत बारीक भोकं होती, सगळी जोडीजोडीनं. तिनं ओलं बोट जिभेला लावलं. खारट!

"तिसऱ्या आहेत, जिवंत शिंपल्या," ती हळूच म्हणाली. "वेंगुर्ल्याच्या मामानं आणलेल्या. आईनं सगळ्या शिजवल्याच नाहीत!"

"पण रेतीत गाडून त्या जगतात कशा?" ताराचंदनं विचारलं.

"आई सांगायची ना! पाय खुपसत वाळूत शिरायचं आणि दोन नळ्या तेवढ्या वर ठेवायच्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्यातूनच श्वास, त्यातूनच जेवण!"

"मग वर यायला काय होतं?"

"शिकारी असतात! आईच्या पेटीत एक शिंपला आहे, त्याला गोल भोक. ते एका समुद्री गोगलगायीनं पाडलंय. ती वाळूखालून सरकत येते, शिंपल्याला मिठी मारते, भोक पाडते आणि आतलं सगळं फस्त!"

"बाप रे! मिठी मारून?"

गोपिकानं बोटावरची रेती झटकली. हल्ली आई हे काही सांगायची नाही. सुट्टी लागली, कोणी 'यंदा कुठे?' म्हटलं, की आई पापडांचं पीठ मळायला घ्यायची. एका वर्षी कुरडया, एका वर्षी आत्याचं लग्न, यंदा न्हाणीघराचा गिलावा. समुद्राचं नाव निघालं, की बाबा रेडिओ लावायचे.

इतक्यात न्हाणीघरातून बाबांचाच आवाज आला, "धोंडबा, रेती कमी पडते? निंबाखालचा टब उपसा!"

धोंडबा मिस्त्री घमेलं घेऊन निघाला.

"ताई, सांग ना त्यांना! आई..."

"चूप! आईचं नाव काढशील, तर ती 'काही नाही हो' म्हणून स्वतःच टब रिकामा करेल!" गोपिका टबासमोर उभी राहिली. "बाबा! आधी ही रेती चाखून तर बघा!"

"चाखू? रेती?"

"एकदाच!"

बाबांनी बोट चाटलं. "थू! ही तर खारट!"

"धोंडबाकाका, खारट रेतीचा गिलावा टिकतो का हो?"

"सारी भिंत फुगल ना बापू!" धोंडबानं घमेलं खाली ठेवलं.

"शाब्बास, पोरांनो! भिंत वाचवली!" बाबा खूश झाले, मग थबकले. "पण रेतीत मीठ घातलं कोणी?"

मागच्या दारात आई उभी होती. पदरात मूठभर मीठ.

"काही नाही हो," ती हसली. "शिजवायला हातच होईना. आणि गोड्या पाण्यात जगत नाहीत त्या."

बाबांचा हात सवयीनं खिडकीतल्या रेडिओकडे गेला आणि तसाच मागे आला.

गोंधळ ऐकून आलेली आजी गुडघ्यांवर हात ठेवून टबाशी वाकली. गोपिकानं नळ्यांचं सांगितलं, तशी तिनं ती भोकं बराच वेळ पाहिली.

"आत दडून बसते, अन इतक्याशा नळीनं श्वास घेते?"

"हो," आई म्हणाली. "वरून कळतसुद्धा नाही."

आजी सावकाश उभी राहिली. तिनं सुनेच्या पदरातलं मीठ स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि टबात सोडलं.

"सूनबाई, तुले माहेरी जायचं हाय. सांगत काहून नाही वं?"