शंकेचं बटण

न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली की तासाभरात कैदेचं वॉरंट शेलवाडीच्या महिला कारागृहातल्या पडद्यावर उमटत असे. सुटकेची तारीख यंत्रच काढी. कैदीण फाटकाशी पोचायच्या आधी तिची बराकसुद्धा ठरलेली असे. तरी कायद्यानं मध्ये एक माणूस ठेवला होता. त्या माणसानं वॉरंट कैदिणीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, अंगावरच्या खुणा जुळवायच्या आणि दोनपैकी एक बटण दाबायचं, 'बरोबर' किंवा 'शंका'. 'शंका' दाबली की वॉरंट न्यायालयाकडे परत जाई.

शेलवाडीत तो माणूस म्हणजे तुरुंगाधिकारी स्मिता पानतावणे.

"सोनल धुमाळ. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग," तिनं वाचलं.

समोरच्या बाईनं हात पुढे केला. डाग होता. गावच्या दूध डेअरीत तिनं फॅटच्या नोंदी बदलल्या होत्या आणि गुन्हा कबूलही केला होता. बनावट नोंदी, फसवणूक आणि विश्वासघात, अशा तीन कलमांखाली तिला प्रत्येकी दोन वर्षं झाली होती.

"एकूण सहा वर्षं," स्मितानं वाचन संपवलं. "समजलं?"

"सहा? नाही मॅडम, दोन. जजसाहेब म्हणाले ना, तिन्ही शिक्षा एकत्रच भोगायच्या. माझ्या वकिलानं पण तेच सांगितलं."

"वॉरंटात तसं लिहिलेलं नाही. लिहिलं नसेल तर शिक्षा एकामागून एक धरतात."

"मग लिहायचं राहिलं असेल!" सोनलचा आवाज चिरकला. "मॅडम, माझी पोरगी चार वर्षांची आहे. सहाच्या आतलं लेकरू इथं आईजवळ ठेवता येतं, म्हाईत आहे मला. पण दोनच वर्षांसाठी तिला कशाला तुरुंग दाखवायचा, म्हणून बहिणीकडं ठेवून आले. तिला सांगितलंय, दोन दिवाळ्या झाल्या की आई येते."

स्मितानं सगळं ऐकलं. या बाईचं म्हणणं खरं असू शकतं, हेही तिला कळलं. पण पाण्याचा ग्लास टेबलावर आहे हे कळावं, तितकंच. तिनं 'बरोबर' दाबलं आणि दुसरं वॉरंट उघडलं.

ती निर्दय होती असं कोणी म्हणू नये. तिच्या कानामागे टिकली होती. सरकारी नाव 'समभाव पट्टी', पण टिकलीएवढी असल्यामुळे तुरुंगात सगळे तिला टिकलीच म्हणत. त्वचेतून सूक्ष्म विद्युतलहरी सोडून ती राग, भीती, कीव या सगळ्यांची धार बोथट करी. टिकल्या आल्यापासून शेलवाडीत कोणी कैदिणीवर हात उचलला नव्हता, की कोणाच्या रडण्याला भुलून आत मोबाइल पोचवला नव्हता. स्मिताची गेलेली झोपही परत आली होती. टिकलीविरुद्ध तक्रार करायला कोणाकडे काही कारणच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिच्या कानामागे पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी काही दिवस टिकली काढायला सांगितली. पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती डबा खात होती. मेथीची भाजी खारट झाली होती. मीठ दोनदा पडलं वाटतं, असं मनात येतंय तोवर 'दोन दिवाळ्या' हे शब्द तिला सोनलच्याच आवाजात ऐकू आले. तिनं डबा झाकून ठेवला.

टिकलीच्या आधी ती दर महिन्याला काही वॉरंटं परत पाठवायची. कुठे वडिलांचं नाव चुकलेलं असे, कुठे कच्च्या कैदेचे दिवस वजा केलेले नसत. नियम पाठ होते म्हणून ती चूक पकडत नव्हती. वाचताना काहीतरी खटकायचं, मग ती नियम शोधायची. खटकणं हीसुद्धा एक भावनाच असते, हे टिकली बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. टिकली लावल्यापासून तिनं 'शंका' एकदाही दाबली नव्हती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती तडक अधीक्षक नाईकनवऱ्यांकडे गेली.

"'बरोबर' दाबलेल्या वॉरंटावर आपल्याला आता शंका घेता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. त्यांची टिकली जागेवर होती. "कैदिणीनं स्वतः अर्ज करून अंगठा दिला, तर न्यायाधीश दुरुस्ती करतील. दोन ओळींचं काम आहे."

"आणि माझ्या हातून गेलेली बाकीची वॉरंटं, साहेब?"

"पानतावणेबाई, आधी पुरळ बरं होऊ द्या. मग बघू."

स्मितानं स्वतःच अर्ज लिहिला आणि ती बराकीत गेली. सोनल भिंतीला टेकून बसली होती. केस नीट विंचरलेले होते.

"सोनल, तुझंच खरं असणार गं. चूक माझी झाली. इथं अंगठा दे, मी आजच्या आज न्यायालयात पाठवते."

सोनलनं अर्ज वाचला आणि परत दिला. "राहू द्या मॅडम. सहा तर सहा."

स्मितानं तिचे केस बाजूला केले. कानामागे टिकली होती. तुरुंगात आली त्याच रात्री सोनलनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिच्या संमतीनं ती लावली होती.

"अगं, पोरीला दोन दिवाळ्या सांगितल्यास ना?"

"मग सहा सांगा. दिवाळी काय, दर वर्षी येतेच."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. स्मिताला रडू फुटलं. सोनल तिच्याकडे बघत राहिली.

"ही टिकली काढू का?" स्मितानं डोळे पुसत विचारलं. "तू हो म्हणालीस तरच काढता येते. थोडा वेळ काढू. मग अंगठ्याचं काय ते ठरव."

"काढल्यावर त्रास होईल?"

खोटं बोलणं सोपं होतं. "होईल," स्मिता म्हणाली. "त्या रात्रीसारखाच."

सोनलनं क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ना भीती होती, ना राग, नुसतं कुतूहल होतं.

"मग कशासाठी हो म्हणू, मॅडम?"