जाड पत्र्याचं कॅबिनेट

अनुजाला कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट घ्यायचं होतं आणि ते काचेचं नको, एवढं तिचं घरातनं निघतानाच ठरलं होतं. राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतल्या श्रीशैलच्या दुकानात मात्र सगळी काचेचीच मांडलेली. आत पंखे गरगरत होते आणि त्यांतले लाल, निळे, जांभळे दिवे गणपतीच्या मांडवासारखे उघडमीट करत होते.

"अक्का, हेच चालतंय आता. दुसरं कोण मागतच न्हाय की," श्रीशैल म्हणाला. तो गडहिंग्लजकडचा, वयानं मोठ्या बाईला त्याच्या तोंडी अक्काच यायचं. अनुजाच्या कॉम्प्युटरचं दुखणंखुपणं गेली सात वर्षं तोच बघत आला होता.

"अरे, मी फोटो दुरुस्त करते. शेजारी असला जांभळा उजेड पडला तर फोटोतल्या माणसाचा रंग मला खरा दिसेल का? साधं दे. आवाज न करणारं, गरम न होणारं."

तिचं जुनं कॅबिनेट आता अगदीच थकलं होतं. बटण आत गेल्यामुळं ते पेन्सिलीचं टोक घालून सुरू करावं लागे, आणि दुपारी तापलं की ते मध्येच बंद पडे. उत्तरेश्वर पेठेतल्या घराच्या माडीवर ती बारा वर्षं हे काम करत होती. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, बुरशी चढलेले फोटो लोक पिशवीतनं घेऊन यायचे आणि जाताना बराच वेळ उंबऱ्यात थांबून नवा फोटो बघत राहायचे. अनुजाला ते बघायला आवडायचं.

सगळ्यात वरच्या फळीवर, खोक्याशिवाय, राखी रंगाचं एक कॅबिनेट आडवं पडलेलं तिला दिसलं.

"ते काय आहे?"

"ते व्हय?" श्रीशैलनं मान वर केली. "दुकान घेतलं तवापासनं हाय तिथंच. आधीच्या मालकाचं आसंल."

त्यानं स्टुलावर चढून ते खाली काढलं. जाड पत्रा, सरळ घडण, कुठंच कंपनीचं नाव नाही. अनुजानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखं ते खणखणलं नाही. गच्च भरलेल्या डब्याचा येतो तसा बद्द आवाज आला.

"हेच दे," ती म्हणाली.

श्रीशैल हसला. तिनं सोबत आणलेल्या जुन्यातलं सगळं काढून यात बसवून देतो म्हणाला.

सोमवारी सकाळी ज्ञानू ते घेऊन आला. ज्ञानू म्हणजे दुकानाचा माल पोचवणारा साठीचा रिक्षावाला. अनुजा खाली फोनवर बोलत होती. तिनं हातानंच माडी दाखवली. ती वर गेली तेव्हा ज्ञानू निघून गेला होता. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि वायरी जोडलेल्या. तिनं बटण दाबलं. पडदा उजळला. तिच्या सगळ्या फायली जागच्या जागी होत्या.

आवाज मात्र कसलाच नव्हता. पहिल्या दिवशी तिनं दोनदा खाली वाकून कान लावला. पंख्याची घरघर नाही, टिकटिक नाही. पाठीमागं हात लावला तर पत्रा माठासारखा गार. जाड पत्र्याचा हा गुण, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुपारभर ती काम करत राहिली. खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडून गेला, शेजारच्या तालमीतनं घुमणाऱ्या शड्डूचा आवाज आला, आणि संध्याकाळी उठताना तिच्या लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांत आपली मान आज पहिल्यांदाच दुखलेली नाही.

त्याच दिवशी तिनं शालूबाईंचा फोटो हातात घेतला.

शालूबाई मुरगूडच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, आठवड्यापूर्वी एकटी एसटीनं आली होती. पदराच्या घडीतनं तिनं पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो काढला. नऊवारीतली एक तरुण बाई, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. चेहऱ्याच्या जागी वाळवीनं खाल्लेलं भोक.

"माझी आई. मी सव्वा वर्षाची असताना गेली. ह्यो एकच फोटो," शालूबाई म्हणाल्या. "माझं डोळं जायला लागल्यात बाई. डाक्टर म्हणतोय, वरीसभर दिसंल. तवर आई बघायची हाय."

अनुजानं खोटं सांगितलं नव्हतं. "मावशी, चेहरा नाही आणता येणार मला. दुसरा एखादा फोटो असता तर गोष्ट वेगळी."

"मग बाकीचं तरी धुऊन दे," म्हातारी म्हणाली.

तर सोमवारी अनुजानं बाकीचं धुवायला घेतलं. साडीचा काठ, हातातल्या पाटल्या, खुर्चीची नक्षी. भोकाला तिनं हात लावला नाही. मंगळवारी सकाळी फाईल उघडली तेव्हा भोकाची वरची कड भरलेली होती. कपाळ होतं. कुंकवाची चिरी होती.

ती बराच वेळ बघत राहिली. चेहरे आपोआप भरणारे प्रोग्रॅम असतात हे तिला ठाऊक होतं. ते कुणाचाही गुळगुळीत चेहरा आणून चिकटवतात, म्हणून ती ते वापरत नसे. शिवाय त्यांना नेट लागतं, आणि गल्लीतला रस्ता खोदल्यामुळं नेट रविवारपासून बंद होतं. आपण केलेलं प्रत्येक काम जिथं नोंदलं जातं ती यादी तिनं उघडली. काठ होता, पाटल्या होत्या, खुर्ची होती. कपाळ नव्हतं.

तिनं चहा केला. चहा घेऊन परत आली तेव्हा डोळे आले होते.

ते शालूबाईंचे डोळे नव्हते. जरासे बारीक, कडेला किंचित उतरलेले. बुधवारी दुपारपर्यंत नाक, गाल, मिटलेले ओठ. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला एक काळा ठिपका होता. धुळीचा डाग असेल म्हणून अनुजानं तो पुसला. तो परत आला. तिनं तीनदा पुसला, तीनदा तो तिथंच येऊन बसला. शेवटी तिनं माउस सोडला आणि हसली. का हसली ते तिलाही सांगता आलं नसतं. खोलीत कुणीतरी आपल्यापेक्षा हुशार माणूस बसलंय आणि आपण शिकतोय, असं काहीसं तिला वाटलं.

गुरुवारी शालूबाई फोटो घेऊन गेल्या. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, मग पदरात गुंडाळून घेतला. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं, आई कशी दिसायची ते.

शुक्रवारी सकाळी मुरगुडाहून त्यांचा फोन आला.

"बाळामावशीला दावला फोटो," त्या सांगत होत्या. बाळाबाई म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. नव्वदी पार केलेली, अंथरुणाला खिळलेली. "सा म्हैनं झालं, कुणाला वळखत न्हवती. फोटो बघितला आन् माझ्या आईच्या नावानं हाक मारली की गं! आन् त्या तिळावर बोट ठेवलं. म्हणाली, 'ह्यो बग, ह्योच. आमची आय दरवेळी काजळ म्हणून पुसायची.'"

अनुजा फोन ठेवून खुर्चीत बसली. अंगावर काटा आला होता, आणि तरीही मन पोटभर जेवल्यासारखं निवांत होतं.

अकराच्या सुमारास श्रीशैलचा फोन आला.

"अक्का, लई चुकलं माझं. बहिणीच्या वास्तूला गावाकडं गेलतो, आज आलो. चार दिवस तुमचं काम खोळंबलं आसंल."

"खोळंबलं कुठं? झकास चाललंय की."

पलीकडं तो हसला. "चेष्टा करू नका. येतोच मी."

अर्ध्या तासात तो माडीवर आला. हातात कापडी पिशवी होती. पडद्यावर अनुजानं नुकतंच घेतलेलं काम दिसत होतं: एका फौजी जवानाचा फोटो, निम्मा ओलीनं गेलेला.

श्रीशैल दारातच थांबला.

"हे कशावर चाललंय?"

"कशावर म्हणजे? तूच दिलेलं."

त्यानं पिशवी टेबलावर उघडी केली. आत तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड होता, हार्डडिस्क होती, तिनं स्वतः खूण म्हणून लावलेला टिकलीचा ठिपका त्या डिस्कवर होता.

"तुमचं सगळं सामान माझ्या कपाटात हुतं, अक्का. ज्ञानूमामानं चुकून मोकळंच कॅबिनेट आणून टाकलं."

"आणि वायरी त्यानंच जोडल्या की."

"त्येला टीव्हीची पिन लावता येत न्हाय."

दोघंही टेबलाखाली वाकले. श्रीशैलनं बाजूचा पत्रा सरकवून काढला.

आत काही नव्हतं.

मागच्या भोकातनं वायरी आत आल्या होत्या आणि तिथंच संपल्या होत्या. टोकं मोकळी. धुळीचा कण नव्हता. वर पडद्यावर जवानाच्या गेलेल्या गालावर उजेड हळूहळू चढत होता.

श्रीशैलनं आत हात घातला. कोपरापर्यंत. आणि झटकन बाहेर काढला.

"काय झालं?"

त्यानं हात पँटला पुसला.

"एसटीत आपण बसाय गेलो की कडंचं माणूस जरा सरकून जागा देतंय बघा," तो म्हणाला. "तसं झालं."

अनुजाला पळावं असं वाटलं. पण ती तिथंच, फरशीवर मांडी घालून बसून राहिली. पडद्यावर जवानाचा कान पुरा झाला.

"सामान परत घेऊन जा, श्रीशैल," ती शेवटी म्हणाली.

"अक्का, आवो..."

"ने म्हटलं ना."

तो पिशवी उचलून जिना उतरला. मागं वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही.

अनुजानं काढलेला पत्रा उचलला आणि खाचेला लावला. तो सरकवायला तिनं अजून जोर लावलाच नव्हता.

पत्रा आतनं हलकेच ओढून घेतला गेला.