अजून न आलेला चेहरा

‘फोटो टाकायचेच असतील तर मान वळवलेले टाक, हललेले टाक, अंधारातले टाक. पण दर महिन्याच्या त्याच तारखेला, समोरून, सारख्या उजेडात आणि शेजारी महिन्याचा आकडा मांडून टाकू नकोस.’ शर्वरीताईनं हे साजिरीच्या बारशाला सांगितलं होतं, घुगऱ्यांची वाटी हातात धरून.

अश्लेषा तेव्हा हसली होती. ‘अगं ताई, तीट लावलीये की गालावर. कुणाची दृष्ट लागायची नाही.’

‘मी माणसांच्या दृष्टीबद्दल बोलत नाहीये,’ शर्वरीताई म्हणाली. पण तेवढ्यात कुणीतरी पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली आणि बोलणं तिथेच राहिलं.

शर्वरीताई अश्लेषाची मावसबहीण. पुण्यात एका प्रयोगशाळेत लहान मुलांची कवटी कशी वाढते याचा अभ्यास करायची. तिचं बोलणं नेहमीच जरा अंगावर येणारं, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही. शिवाय तो काळच असा होता की चेहरा कुठे दाखवत नाही असं कुणी उरलंच नव्हतं. सोसायटीचं फाटक चेहऱ्यानं उघडायचं, दवाखान्यातला केसपेपर चेहऱ्यानं निघायचा, भाजीवाल्याचे पैसेसुद्धा कॅमेऱ्याकडे बघून चुकते व्हायचे. तिथे एका बाळाच्या फोटोचं ते काय!

आणि अश्लेषाला ते फोटो हवेच होते. नवरा अभिराम जहाजावर, सहा-सहा महिने. नाशिकमधली ती अकराव्या मजल्यावरची जागा नवी, समोरच्या दाराला कायम कुलूप. दर महिन्याच्या नऊ तारखेला ती पांढऱ्या चादरीवर मुगाच्या डाळीनं आकडा काढायची, चार, पाच, सहा. साजिरीला शेजारी निजवायची, करंगळीनं तिच्या डाव्या गालावर काजळाचा ठिपका टेकवायची आणि फोटो टाकायची. मग संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहायचा. ‘किती गोड!’ ‘अगदी बाबांवर गेलीये.’ तेवढा दिवस घरात माणसं आहेत असं वाटायचं. असे चोवीस फोटो झाले.

साजिरी तीन वर्षांची झाली त्या पावसाळ्यात अश्लेषा तिला घेऊन लसीकरण केंद्रात गेली. बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या, कुमुदिनी खर्डेकर. हात पुढे करून त्यांनी फोन अश्लेषाच्या नाकाशी आणला.

‘बाई गं, याचा आवाज मोठा कर की जरा. ही काय बोलतेय ते कळेना.’

पडद्यावर चाळिशीची एक बाई होती. निळा कुडता, कानावर दोन-चार पांढरे केस. ‘आई, सुई टोचून झाली की हात हलवत राहा हं. आखडून धरायचा नाही,’ ती सांगत होती.

कपाळ अश्लेषाच्या वडिलांचं. हनुवटी अभिरामची. सासरची कुणी लांबची असेल, असं तिच्या मनात आलं तोच तिला डाव्या गालावरचा तीळ दिसला. तिनं साजिरीकडे बघितलं. साजिरीच्या गालावर काहीच नव्हतं. पण जागा तीच होती, डोळ्याच्या कोपऱ्याखाली दोन बोटं. त्या जागी दोन वर्षं तिचीच करंगळी टेकली होती.

‘तुमच्या... मुलगी का तुमची?’

‘हो, बेबी. म्हणजे कंपनीची आहे ती, यंत्रातली,’ आजी म्हणाल्या, घरातल्या मिक्सरबद्दल सांगावं तशा. ‘पोटची कॅनडात असते. ती रविवारी बोलते, तेही घड्याळाकडे बघत. ही रोज अकराला येते. घाई नसते बिचारीला.’

घरी पोचताच अश्लेषानं शर्वरीताईला फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

‘धूमकेतू आकाशात तीन-चार ठिकाणी नोंदला की पन्नास वर्षांनी तो कुठे असेल ते काढता येतं ना? तसंच हे,’ ती म्हणाली. ‘चेहऱ्याची हाडं आपापल्या चालीनं वाढतात. एका फोटोतून नुसती जागा कळते. वयाचा आकडा मांडलेले चोवीस फोटो मिळाले की चाल कळते. मग दहाची, चाळिशीची, सत्तरीची, हवी ती साजिरी गणितानं पुढे काढायची. आम्ही याला मुखबीज म्हणतो. बीमध्ये झाड असतं, तसं.’

‘आणि तो तीळ?’

‘यंत्राला काय ठाऊक तीट म्हणजे काय! दर फोटोत त्याच जागी काळा ठिपका. त्यानं तीळ समजून ठेवून दिला.’

अश्लेषाला हसू आलं आणि मग ते थांबेना. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, ‘पण माझ्या पोरीचा चेहरा मला न विचारता?’

‘जिवंत माणसाचा चेहरा वापरायचा तर त्याला विचारावं लागतं. गेलेल्याचा वापरायचा तर वारसांना. पण चाळिशीतल्या साजिरीचा चेहरा आज कुणाला आहे? कुणालाच नाही. जो अजून आलाच नाही, त्याला मालक कोण? या फटीतून शिरलेत ते.’

‘मग एखादा मनानं रचायचा!’

‘रचले होते गं. म्हातारी माणसं आठवड्यात ओळखायची. छान दिसतो, पण आतून कुणी नाही, म्हणायची. खरा वाढलेला चेहरा हवा असतो माणसाला.’

एक मार्ग होता. त्याला परतमागणी म्हणत. आईबापांनी अर्ज केला की कंपनीला बहात्तर तासांत मुखबीज पुसावंच लागे. ‘सोबत’ नावाच्या त्या कंपनीतला मुलगा फोनवर अगदी गोड बोलला. हा चेहरा सहाशे बारा घरांत आहे, मॅडम. तुम्ही म्हणाल तर शुक्रवारी जाईल. त्या जागी दुसरा देऊ, आवाज तोच ठेवू.

‘चेहरा बदलला की ती माणसं काय करतात?’

‘सवय होते, मॅडम.’

शर्वरीताईनं खरं सांगितलं. बहुतेक जण दोन-चार दिवस रुसतात आणि बोलायला लागतात. सातांतलं एक माणूस पुन्हा फोन उचलत नाही. त्यांच्यातली काही जेवण टाकतात.

अश्लेषानं सहाशे बाराला सातानं भागलं. सत्त्याऐंशी.

‘ताई, राहू दे का मग? साजिरीला काय त्रास होतोय?’

‘आज नाही होत. ती चाळिशीची होईल तोवर तो चेहरा किती घरांत राबलेला असेल, विचार कर. तिला येईल तेव्हा तो वापरून झालेला असेल. बाजारात गेली तर अनोळखी लोक तिला बेबी म्हणून हाक मारतील. आणि ती ओळख देणार नाही, तेव्हा त्यांना ती उलट्या काळजाची वाटेल.’

अर्ज करण्याआधी अश्लेषा खर्डेकर आजींचा पत्ता विचारत विचारत त्यांच्याकडे गेली. साजिरीला बरोबर नेलं.

‘शुक्रवारपासून बेबी वेगळी दिसेल, आजी.’

‘का? बरं नाही का तिला?’ आजींनी घाबरून विचारलं, आणि मग स्वतःच ओशाळल्या. ‘बघ, मला कळतं सगळं. तरी तोंडातून निघतंच.’

‘तो चेहरा हिचा आहे,’ अश्लेषा म्हणाली. जमिनीवर बसून आजींच्या चष्म्याची पेटी उघडझाप करणाऱ्या साजिरीकडे तिनं बोट दाखवलं.

आजींनी साजिरीची हनुवटी वर केली. खूप वेळ बघितलं.

‘एवढीशी आहे होय ती!’ त्या म्हणाल्या. ‘ने बाई. तुझी तू घेऊन जा.’ आणि थोड्या वेळानं, चहाचं आधण ठेवता ठेवता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘पण अकरा वाजता मी काय करू, ते सांगून जा.’

अश्लेषानं अर्ज केला. शुक्रवारी चेहरा गेला. आता रोज अकराला ती साजिरीला घेऊन खर्डेकर आजींकडे जाते. आजी बऱ्या आहेत. कधी बोलतात, कधी नुसत्या खिडकीशी बसतात. नवी बेबी आली की फोन उपडा ठेवतात.

उरलेल्या घरांचे पत्ते तिनं कंपनीकडे मागितले. ‘ते देता येत नाहीत, मॅडम. ग्राहकांचा खासगीपणा जपावा लागतो,’ तो मुलगा म्हणाला.

मग तिनं वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांसाठी चार ओळी लिहिल्या. त्या अशा होत्या :

‘गेल्या शुक्रवारी सहाशे बारा घरांतून एक मुलगी निघून गेली. तिला मी परत घेतलं. त्यातलं एकच घर मला माहीत आहे. बाकीची तुमच्याजवळ कुठेतरी असतील. तुमच्या जिन्यात, तुमच्या भिंतीपलीकडे, ज्या एकट्या माणसाच्या घरातून रोज बोलण्याचा आवाज यायचा आणि शुक्रवारपासून येत नाही, तिथे आजच जाऊन बघा. बेल वाजवल्यावर त्यांना उठून यायला वेळ लागेल. लगेच मागे फिरू नका.’