डाव्या हाताचा मान

गुरुशांत दुकानात आला तो शेंगाचटणी घ्यायला. रुद्राणीनं पुडा डाव्या हातानं पुढं केला, आणि आतून तिची आई काशम्मा ओरडली, "रुद्राणी, उजवा हात!"

तिनं ओशाळून हात बदलला. पोरगी डावरी. गेल्या वर्षी होटगीचे पाहुणे तिला बघायला आले, तिनं डाव्या हातानं चहा दिला आणि जुळत आलेलं स्थळ मोडलं. तेव्हापासून आईचा त्या हातावर पहारा होता.

"राहू द्या की," तो म्हणाला. "मी फ्रान्समध्ये शिकायलोय, दिजाँला. तितं डाव्या हाताला लई मान हाय. जुन्या चर्चच्या भिंतीवर दगडाचं घुबड हाय. जाता-येता लोक त्याला डावा हात लावून मनातलं मागतात."

"घुबडाला?" ती खुदकन हसली. "कायतरीच सांगायलाय तुमी!"

आता सुट्टीवर आलेला माणूस चटणी खाऊन खाऊन किती खाणार? पण गुरुशांत रोज संध्याकाळी हजर. ती पुडा बांधायची, तो आपल्या दिजाँचं वर्णन करायचा… रंगीत कौलांची नक्षीदार छपरं, आपल्या चटणीसारखी नावाजलेली तिथली मोहरी, दुपारी दुकानं बंद करून निवांत जेवणारी माणसं.

"मग आपलं सोलापूरच की ते!"

"चर्चच्या माथ्यावर एक पुतळा हाय. बिचारा एकटाच घंटा वाजवायचा, म्हणून गावानं त्याला बायको आणून दिली."

"मायाळू गाव हाय."

"व्हय. माझ्याकडं मात्र कुणी बघत न्हाय."

रुद्राणी पुड्याला दोरा गुंडाळत राहिली… गाठ काही नीट बसेना.

मग परवा त्याचं विमान, असा दिवस उजाडला. आज हा बोलला नाही तर राहूनच जाईल, हे तिला कळत होतं. आणि हा बाबा ऊनपावसाच्या गप्पा मारत उभा!

"जाऊन त्या घुबडाला काय मागणार?" शेवटी तिनंच विचारलं.

"मागचं फुकट गेलं. सवयीनं उजवाच हात लावला. या वेळी डावा लावणार… पण मागायचं ते…" त्याचे कान लाल झाले.

रुद्राणीनं आपला डावा हात काउंटरवर ठेवला. "घुबड लांब हाय. हा हितं हाय. मागा की."

त्यानं हळूच त्यावर आपला डावा हात टेकवला. "तू मला लई आवडतीस, रुद्राणी. उद्या आईला घेऊन येऊ?"

"या की," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"चहा मात्र डाव्या हातानंच द्यायचा."

तेवढ्यात काशम्मा बाहेर आली. रुद्राणी दचकून हात काढू लागली.

"राहू दे," आई म्हणाली, आणि उद्याच्या चहाला आलं आहे का ते बघायला आत गेली.